'वचनात लिहिले आहे' म्हणण्याआधी: पवित्र शास्त्राचा अधिकार रोजच्या निर्णयांत कसा लावावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कोणताही विषय निघाला की जो तो एकेक वचन काढून दाखवतो. 'बायबल हेच अंतिम' असे सगळेच म्हणतात, तरी निर्णय मात्र वेगवेगळे. तुमची कॅथलिक मैत्रीण म्हणते की शास्त्राच्या जोडीला परंपराही हवी. आणि गणपतीत काकूंच्या घरी प्रसाद घ्यावा की नाही, यावर तुमच्या घरातच दोन तट पडले आहेत. मग शास्त्राचा अधिकार म्हणजे नेमके काय आणि तो लावायचा कसा?

आधी उत्तर सांगतो, मग फोड करतो. अधिकार शास्त्राचा आहे. शास्त्रातले एखादे वाक्य ज्याला पाठ आहे त्याचा नाही. हा अधिकार खरोखर मानला जातो की नाही, हे ओळखायची खूण एकच. शास्त्र उघडल्यावर उघडणाऱ्याचे स्वतःचे मत बदलू शकते का? मत आधी ठरले आणि वचन नंतर शोधले, तर तिथे शास्त्राला अधिकार दिलेला नाही, त्याला साक्षीदार म्हणून बोलावले आहे.

निम्मा घोळ आपल्या मराठी शब्दातच आहे. 'देवाचे वचन' म्हणताना आपण संपूर्ण शास्त्र म्हणतो आणि 'पाचवे वचन वाचा' म्हणताना आकडा घातलेली एक ओळ. शब्द एकच असल्यामुळे पहिल्याचा मान नकळत दुसऱ्याला मिळतो. पण नव्या करारातली पत्रे लिहिणाऱ्या प्रेषित पौलाच्या पत्रात आकडे नव्हते. आजचे अध्याय तेराव्या शतकाच्या आरंभी स्टीफन लँग्टनने पाडले आणि नव्या करारातल्या वचनांचे आकडे 1551 मध्ये रोबेर एस्तिएन या छापखानेवाल्याने घातले. जागा सापडावी म्हणून केलेली ही सोय आहे. कित्येकदा आकडा वाक्याच्या मधोमध पडतो आणि लोक अर्धेच वाक्य पाठ करतात.

सुटी ओळ किती धोक्याची असते ते मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात दिसते. सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी उभा करतो आणि 91 वे स्तोत्र म्हणून दाखवतो. शब्द शास्त्राचेच आहेत. येशू ते स्तोत्र नाकारत नाही, त्याचा अधिकारही कमी करत नाही. तो म्हणतो, "आणखी असा शास्त्रलेख आहे," आणि जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातले वचन समोर ठेवतो. मंडळीत वाद पेटला की हे चार शब्द आठवा. एका वचनाने विषय मिटवण्याचा प्रयत्न झाला, तर 'आणखी काय लिहिले आहे?' हे विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. प्रभूने स्वतः तसेच केले.

आता ज्या वचनावर हा सगळा विषय उभा केला जातो ते पाहू, 2 तीमथ्य 3:16, म्हणजे पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातले 16 वे वचन. बहुतेक घरांत असलेल्या बायबल सोसायटीच्या मराठी आवृत्तीत ते असे आहे: "प्रत्येक परमेश्वरप्रेरित शास्त्रलेख सद्बोध, दोष दाखवणे, सुधारणूक, नीतिशिक्षण ह्यांकरता उपयोगी आहे." दुसऱ्या काही भाषांतरांत 'प्रत्येक शास्त्रलेख परमेश्वरप्रेरित असून तो उपयोगी आहे' अशी रचना सापडेल. यात कोणी लबाडी केलेली नाही. मूळ ग्रीक वाक्यात 'आहे' हे क्रियापदच नाही, त्यामुळे 'परमेश्वरप्रेरित' हा शब्द विशेषण म्हणून घ्यायचा की विधान म्हणून, हे भाषांतरकाराला ठरवावे लागते. 'थेओप्नेउस्तोस', म्हणजे देवाच्या श्वासातून आलेले, हा शब्द नव्या करारात फक्त इथेच आहे. मला वाटते दोन्ही वाचनांत गाभा सारखाच राहतो, पण 'मूळात स्पष्टच लिहिले आहे' असे टेबलावर हात आपटून म्हणण्याआधी एवढे माहीत असावे. पौलाच्या मनात इथे प्रथम तीमथ्याला बालपणापासून ठाऊक असलेले शास्त्र, म्हणजे जुना करार आहे. आदल्याच वचनात ते लिहिले आहे. नवा करार तेव्हा अजून लिहिला जात होता. पौलाच्या पत्रांची गणना इतर शास्त्रलेखांबरोबर झालेली 2 पेत्र 3:16 मध्ये दिसते, आणि आज आपल्या हातात असलेल्या नव्या कराराच्या 27 पुस्तकांची नेमकी यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या 367 सालच्या पत्रात मिळते.

या वाक्यात चार उपयोग सांगितले आहेत. त्यांतले दोन, दोष दाखवणे आणि सुधारणूक, ऐकणाऱ्याला बोचणारे आहेत. वर्षभराच्या वाचनात वचनाने आपला एकही दोष दाखवला नसेल, फक्त शेजाऱ्याचे दाखवले असतील, तर वाचनात काहीतरी चुकते आहे. आणि वाक्य तिथे संपतही नाही. पुढे 'देवाचा भक्त प्रत्येक चांगल्या कामासाठी सज्ज व्हावा' हा हेतू सांगितला आहे. शास्त्राचा अधिकार कामाला लावण्यासाठी दिलेला आहे. भूगर्भशास्त्राचे किंवा शेअर बाजाराचे उत्तर त्यातून काढू नये.

तुमच्या मैत्रिणीचे म्हणणे न्यायाने समजून घ्या. प्रोटेस्टंट बायबलमध्ये 66 पुस्तके आहेत, कॅथलिक बायबलमध्ये 73. जास्तीची सात जुन्या करारात आहेत. टोबीत, ज्युडिथ, मक्काबींची दोन पुस्तके ही त्यांतली. कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट इथल्या परिषदेने 1546 मध्ये ही यादी अधिकृतपणे ठरवून दिली. फरक निव्वळ आकड्याचा नाही. मृतांसाठी प्रार्थना करावी की नाही, या चर्चेत कॅथलिक माणूस दुसऱ्या मक्काबीचा 12 वा अध्याय दाखवतो, आणि प्रोटेस्टंट माणसाच्या पुस्तकात तो अध्यायच नसतो. मिश्र विवाहाच्या घरात हे आधीच माहीत असले तर अंत्यविधीच्या दिवशी भांडण होत नाही.

कॅथलिक शिकवणीप्रमाणे शास्त्र आणि प्रेषितांपासून आलेली परंपरा एकाच झऱ्यातून येतात, आणि त्यांचा अर्थ अधिकृतपणे सांगण्याचे काम पोप आणि बिशप यांच्याकडे असते. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 18 नोव्हेंबर 1965 च्या 'देई व्हर्बुम' या दस्तऐवजाच्या दहाव्या परिच्छेदात असेही म्हटले आहे की हा शिकवणारा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, तो वचनाची सेवा करतो. 'कॅथलिक लोक बायबल मानत नाहीत' हे वाक्य त्यामुळे सोडून द्यावे. ते खोटे आहे.

आपल्या, म्हणजे प्रोटेस्टंट, बाजूचे 'केवळ शास्त्र' हे तत्त्वही फार वेळा चुकीचे समजले जाते. त्याचा अर्थ 'मी, माझे बायबल आणि माझे मत' असा कधीच नव्हता. सोळाव्या शतकातले धर्मसुधारक पंथमते, म्हणजे विश्वासाची जुनी जाहीर विधाने, मानत, जुन्या मंडळीपित्यांचे लिखाण वाचत, मूळ भाषा शिकत. त्यांचे म्हणणे एवढेच होते की यांतल्या प्रत्येक गोष्टीची पारख शास्त्रावर व्हावी आणि शास्त्राची पारख यांपैकी कशावरही होऊ नये. अँग्लिकन मंडळीच्या 39 कलमांतले सहावे कलम मला यातले सर्वांत व्यवहारी वाटते: तारणाला आवश्यक ते सर्व पवित्र शास्त्रात आहे, म्हणून जे त्यात वाचायला मिळत नाही किंवा त्यावरून सिद्ध होत नाही, ते विश्वासाचे कलम म्हणून कोणावरही लादू नये. हा दुसरा भाग लोक विसरतात. शास्त्राचा अधिकार जसा विश्वासणाऱ्यावर चालतो तसाच तो मंडळीच्या कमिटीवर, पाळकावर आणि बिशपवरही चालतो, आणि त्यांचा हात आवरतो.

उदाहरणच हवे तर दागिन्यांचे घ्या. काही मंडळ्यांत बाप्तिस्म्याआधी बाईला बांगड्या, कानातले, मंगळसूत्र उतरवायला लावतात आणि 1 पेत्र 3:3 दाखवतात. त्या वचनात तीन गोष्टी एका रांगेत आहेत: केस गुंफणे, सोने घालणे आणि, ग्रीकमध्ये अगदी साधेपणाने, 'वस्त्रे घालणे'. ही सरसकट बंदी असेल तर वस्त्रांवरही बंदी येते. पेत्र तुलना करतो आहे. बाईची खरी शोभा बाहेरची नव्हे, अंतःकरणातली, असे तो सांगतो. त्या तुलनेतून साधेपणाची शिकवण जरूर घ्यावी. बाप्तिस्म्याची अट घालणे मात्र सहाव्या कलमाच्या भाषेत 'लादणे' झाले.

आता प्रसाद. हा प्रश्न मुद्दाम सविस्तर घेतो, कारण यात पद्धत नीट दिसते.

संबंधित भाग 1 करिंथ 8 ते 10 असा आहे, म्हणजे करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीला पौलाने लिहिलेल्या पहिल्या पत्राचे तीन अध्याय. वचने 73, म्हणजे मोठ्याने वाचायला फार तर वीस मिनिटे. एका बैठकीत वाचा, मधला नववा अध्याय न गाळता. तो विषयांतर वाटतो, पण पौल तिथे स्वतःचा हक्क असूनही तो सोडल्याचे सांगतो आणि तोच पुढच्या युक्तिवादाचा कणा आहे. लोक आठव्या अध्यायातले 'मूर्ती काहीच नाही' एवढे उचलतात आणि म्हणतात, खा. दुसरे लोक दहाव्या अध्यायातले 'भुतांचे मेज' उचलतात आणि म्हणतात, शिवूही नका. दोन्ही वाक्ये एकाच माणसाने, एकाच पत्रात, एकाच मंडळीला लिहिली आहेत.

मग परिस्थिती पाहा. आपल्या भाषांतरात 'नैवेद्य' शब्द आहे आणि तो वाचताच आपल्या डोळ्यांपुढे मोदक येतो. करिंथमध्ये विषय मुख्यतः मांसाचा होता. बळी दिलेल्या पशूचा काही भाग वेदीवर जळे, काही पुजाऱ्याला जाई, बाकीचा देवळाच्या आवारात जेवणावळीत वाढला जाई किंवा बाजारात विकला जाई. अस्क्लेपियस या आरोग्याच्या ग्रीक देवाच्या देवळाला लागून असलेल्या अशा जेवणाच्या खोल्या करिंथच्या उत्खननात सापडल्या आहेत. हे कळले की पौलाची तीन उत्तरे वेगवेगळी का आहेत ते कळते. देवळातल्या पंक्तीला, म्हणजे पूजेचाच भाग असलेल्या जेवणाला, बसू नका (8:10, 10:21). बाजारातले मांस चौकशी न करता खा (10:25). आणि विश्वास न ठेवणाऱ्याने घरी बोलावले व जावेसे वाटले, तर पुढे वाढलेले खा. पण कोणी म्हणाले की हे मूर्तीला दाखवलेले आहे, तर सांगणाऱ्याकरता खाऊ नका (10:27-28).

यानंतर 'आणखी असा शास्त्रलेख आहे' हा प्रश्न. प्रेषितांची कृत्ये 15:29 मध्ये यरुशलेमची सभा मूर्तीला अर्पिलेल्या पदार्थांपासून दूर राहायला सांगते. प्रकटीकरण 2 मध्ये पर्गम आणि थुवतीरा या मंडळ्यांना याच बाबतीत कडक शब्द ऐकावे लागतात. रोम 14 मात्र खाण्यापिण्यावरून एकमेकांना दोषी ठरवू नका म्हणते. हे सगळे एका कागदावर मांडा. शास्त्राचा अधिकार मानायचा म्हणजे यांतले एकही पान झाकायचे नाही.

आता काकूंच्या दारात उभे राहू. द्रोणात मोदक पुढे करून काकू म्हणतात, "बाप्पाचा प्रसाद आहे, घे." माझ्या मते हा सरळ 10:28 चा प्रसंग आहे, पदार्थ कशाचा ते देणाऱ्यानेच सांगितले आहे. म्हणून न घेणे बरोबर. पण कसे, तेही शास्त्रच सांगते. त्याच अध्यायाच्या 32 व्या वचनात कोणालाही अडखळण होऊ नका असे आहे, आणि त्यात बाहेरचे लोकही येतात. हात जोडून, हळू आवाजात: "काकू, प्रसाद मला घेता येत नाही, वाईट वाटून घेऊ नका. जेवायला मात्र तुमच्याच हातचे वाढा." आणि मग खरोखर पोटभर जेवा. भुतांचे वचन तिथे काढू नका. पौलाने ते मंडळीला लिहिले होते, यजमानाच्या तोंडावर फेकायला दिले नव्हते. सणाच्या दिवशी घरात शिजलेला सगळाच स्वयंपाक प्रसाद असतो का, हा प्रश्न विचारत बसू नये. 10:27 म्हणते, विचारू नका.

घरातल्या कोणी प्रसाद घेतला तर? त्याच्याशी रोम 14 च्या सुरात बोला. जो अर्थ सरळ लिहिलेला आहे आणि जो आपण आपल्या प्रसंगाला लावला आहे, यांत अंतर असते. 'मूर्तिपूजेत भाग घेऊ नका' हे पहिल्या प्रकारचे आहे. 'दारात दिलेला मोदक म्हणजे 10:28' हे दुसऱ्या प्रकारचे. ते मी पटवून देईन, पण त्यावरून कोणाला प्रभुभोजनापासून दूर ठेवणार नाही. या दोन प्रकारांत गल्लत झाली की माणसाच्या अनुमानाला देवाच्या आज्ञेचे वजन मिळते, आणि मंडळ्या फुटतात त्या बहुधा इथेच.

ही गल्लत सर्वांत जास्त कुठे होते तेही सांगतो, कारण तिथे नुकसान मोठे असते.

पहिले, 'माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका'. पाळकाने पैशाचा हिशेब दिला नाही किंवा गैरवर्तन केले आणि कोणी विचारले, की 105 व्या स्तोत्राचे 15 वे वचन ऐकवले जाते. वरची तीन वचने वाचा. तिथे अभिषिक्त म्हणजे अब्राहाम, इसहाक, याकोब. संख्येने थोडे, देशोदेशी फिरणारे परके. हात लावू नका ही ताकीद आहे बलाढ्य राजांना. दुबळ्यांच्या रक्षणाचे वचन सत्तावानाची ढाल बनवणे म्हणजे अर्थ उलटा करणे. मंडळीच्या वडिलांवरच्या, म्हणजे पुढाऱ्यांवरच्या, आरोपाचे काय करायचे हे 1 तीमथ्य 5:19-20 मध्ये स्पष्ट आहे: दोघातिघांच्या साक्षीशिवाय आरोप घेऊ नये, आणि पाप सिद्ध झाले तर सर्वांसमक्ष दोष पदरी घालावा. पौलाने पेत्रालाही तोंडावर विरोध केला (गलती 2:11). गुन्हा घडला असेल तर पोलिसात जाण्यापासून कोणालाही कोणत्याही वचनाने अडवता येत नाही.

दुसरे, औषध. याकोब 5:14-15 मध्ये आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडिलांनी तेल लावून प्रार्थना करावी असे आहे आणि ती जरूर करावी. त्यावरून इन्सुलिन किंवा क्षयाच्या गोळ्या बंद करायला सांगणे हे शास्त्रात कुठेही नाही. आणखी असे शास्त्रलेख आहेत: यशया संदेष्ट्याने हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिराचा लेप लावायला सांगितला (यशया 38:21), पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले (1 तीमथ्य 5:23), आणि त्रफिमाला आजारीच मिलेतात ठेवले (2 तीमथ्य 4:20). प्रेषिताचा सोबती आजारी राहिला. त्याचा विश्वास कमी होता असा शब्दही पौल लिहीत नाही. क्षयाचे औषध मधेच सोडले तर रोग औषधाला दाद देईनासा होतो आणि घरातल्या इतरांनाही जडतो. असा सल्ला देणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा.

दशमांशाचे थोडक्यात: मलाखी 3:10 मधले 'भांडार' म्हणजे यरुशलेमच्या मंदिराचे कोठार, मंदिरात सेवा करणाऱ्या लेवी वंशाच्या लोकांच्या उपजीविकेसाठी. दहावा हिस्सा देण्याची शिस्त चांगली आहे, पण न देणाऱ्याला शापाची भीती घालताना 2 करिंथ 9:7 झाकले जाते. तिथे ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, दुःखी मनाने किंवा सक्तीने नको, असे आहे. आणि कॅलेंडरवरचे यिर्मया 29:11, हिताच्या संकल्पांचे, हे बाबेलमधल्या बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातले आहे. आदल्या वचनात 70 वर्षांची मुदत आहे, म्हणजे ऐकणाऱ्यांतले बहुतेक परत येणार नव्हते. दुःखी माणसाला हे वचन जरूर द्या, पण दहाव्या वचनासकट द्या. तेव्हाच त्यातला धीर खरा ठरतो.

लेखनाचा प्रकार ओळखणे ही सवयही लावून घ्या. नीतिसूत्रे 26:4 म्हणते मूर्खाला उत्तर देऊ नको, आणि लगेच 26:5 म्हणते दे. ही चूक नाही. सुभाषित प्रसंग पाहून वापरायचे असते, नियमासारखे नव्हे. स्तोत्र ही प्रार्थना आहे, दृष्टान्ताला एक मुख्य रोख असतो, आणि इतिहासात राजाने केले म्हणून ते अनुकरणीय ठरत नाही. कंसात छापलेला मजकूरही पाहा. मार्क 16:9-20 हा भाग सिनाय आणि व्हॅटिकन या सर्वांत जुन्या पूर्ण हस्तलिखितांत नाही. म्हणून सर्प उचलण्याच्या किंवा विष पिण्याच्या वचनावर कोणतीही प्रथा उभी करू नये.

पुढच्या बैठकीसाठी एवढे करा. विषय आठवडाभर आधी कळवा आणि वचने नव्हे, पूर्ण अध्याय नेमून द्या. दोन भाषांतरे समोर ठेवा: एक बायबल सोसायटीचे, दुसरे सोप्या भाषेतले. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेले, त्यांच्या मृत्यूनंतर 1924 साली निघालेले मराठी भाषांतर मिळाले तर तेही. अडलेल्या शब्दावर ते कित्येकदा वेगळा उजेड टाकते. पहिली वीस मिनिटे फक्त मोठ्याने वाचन, कोणी मत सांगायचे नाही. मग फळ्यावर दोन रकाने: 'इथे लिहिले आहे' आणि 'आम्ही असे लावतो'. प्रत्येक वाक्य कोणत्या रकान्यात जाते हे सर्वांनी मिळून ठरवा. बिरुयाचे लोक तर पौलाचे बोलणेही शास्त्रात रोज शोधून तपासत आणि ही हकीकत लिहिणारा लूक त्यांना मोठ्या मनाचे म्हणतो (प्रेषितांची कृत्ये 17:11). तेव्हा पाळक बोलत असतानाही फळ्यावरचा खडू खाली ठेवू नका.